वस्त्राचार व वस्त्रविषयक समजुती, गोव्यातील

वस्त्र केव्हा नेसावे, कोणी कोणाला द्यावे, कोणत्या प्रसंगी उतरवावे आणि कोणते अंगाला लावू नये, यांविषयी गोव्यातील हिंदू, ख्रिस्ती आणि गावडा-कुणबी समाजांत रूढ असलेले संकेत. शेजारच्या सिंधुदुर्ग व उत्तर कन्नड जिल्ह्यांतील आचारांशी त्यांचे पुष्कळ साम्य आहे. मात्र तिसवाडी, बार्देश व सासष्टी हा जुन्या काबिजादींचा (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला) प्रदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीज अमलाखाली गेला; फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे नव्या काबिजादींचे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आले. त्यामुळे एकाच मुळाचे आचार गोव्यात बहुधा दोन वेगळ्या रूपांत आढळतात आणि त्यांची तुलना करताना तालुका कोणता, हे आधी विचारावे लागते.

नवे वस्त्र : नव्या वस्त्राच्या टोकाला हळदकुंकवाचे बोट लावणे, ते देवापुढे ठेवून मग अंगावर घेणे, अमावास्येला नवे न घालणे, हे संकेत गोव्यातही इतर मराठी मुलखाप्रमाणेच आहेत. त्यांमागील मुहूर्तविचाराची सविस्तर मांडणी वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेत सापडते. तेथे वस्त्राचे नऊ भाग कल्पिले आहेत. चार कोपऱ्यांत देवांचा वास, दोन्ही टोकांच्या मधल्या भागांत मनुष्यांचा आणि उरलेल्या तीन भागांत निशाचरांचा. वस्त्र कोठे फाटले, जळाले किंवा डागाळले यावरून फल सांगावयाचे. अंथरूण, आसन व पादत्राणे यांनाही हीच विभागणी लागू होते. नवे वस्त्र अश्विनी नक्षत्रावर धारण केल्यास पुष्कळ वस्त्रे मिळतात, भरणीवर ते चोरीस जाते, कृत्तिकेवर जळते, मृगावर उंदराचे भय, आर्द्रेवर मरण, अशी नक्षत्रवार फलेही तेथे आहेत. या नियमांतून सुटकाही दिलेली आहे. ब्राह्मणाच्या अनुमतीने घेतलेले, राजाने दिलेले किंवा विवाहविधीत मिळालेले वस्त्र नक्षत्र प्रतिकूल असले तरी चालते. आजही आहेराच्या लुगड्याला कोणी मुहूर्त पाहत नाही, ही रीत या अपवादाशी जुळणारी आहे.

उंदराने कुरतडलेले किंवा ठिणगीने भोक पडलेले वस्त्र देवीच्या ओटीला न घेण्याची चाल याच विचाराच्या जवळची. ग्रंथातून समजूत खाली झिरपली, की लोकांतील समजूत ग्रंथाने सूत्रबद्ध केली, याचा निर्णय सोपा नाही. वस्त्रांचे शकुन संस्कृत ग्रंथांशी संबंध न आलेल्या समाजांतही पाळले जात असल्याने दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो.

बालके, दृष्ट व करणी : नवजात मुलाला पहिले काही दिवस नवे शिवलेले कपडे न घालता आजी-आजोबांच्या जुन्या लुगड्याधोतराच्या मऊ कापडात गुंडाळतात. जुन्या वस्त्राबरोबर वडीलधाऱ्यांचे आयुष्य मुलाला लाभते, असे सांगितले जाते. नवे, कडक कापड कोवळ्या कातडीला बोचते, हे व्यावहारिक कारण त्याआड असावे. बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर वाळत ठेवू नयेत, पदराने मुलाला मारू नये, अंगावरचा कपडा अंगावरच शिवू नये, हे दंडक घरोघरी ठाऊक आहेत. वापरलेले वस्त्र परक्याच्या हाती जाऊ न देण्यामागे करणीची भीती असते. पदराचा कापलेला तुकडा म्हणजे त्या व्यक्तीचाच अंश, ही कल्पना येथे गृहीत आहे.

१७३६ चा जाहीरनामा : गोव्यातील वस्त्राचारांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन म्हणजे इंक्विझिशनने (ख्रिस्ती धर्मन्यायालयाने) १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेला जाहीरनामा. त्याने धर्मांतरित ख्रिस्त्यांना तुळस लावणे, एकादशीचा उपवास, मीठ न घालता भात शिजवणे इत्यादी अनेक गोष्टींची मनाई केली. त्यांतच पुरुषांनी पुडवे (धोतराचा प्रकार) नेसू नये आणि स्त्रियांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये, अशीही कलमे आहेत. अ. का. प्रियोळकर यांनी इंक्विझिशनवरील आपल्या ग्रंथात (१९६१) या जाहीरनाम्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

जाहीरनाम्याचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. तो दडपशाहीचा पुरावा आहे, यात शंका नाही. पण एखादी गोष्ट बंद झाली हे तिच्या मनाईवरून सिद्ध होत नाही. गोव्यात इंक्विझिशनची स्थापना १५६० मध्ये झाली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी भातात मीठ केव्हा घालावे इथपर्यंतचा तपशील लिहावा लागतो, याचा अर्थ ख्रिस्ती घरांतून ते आचार तोवर चालू होते. दक्षिण गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा अभ्यास करणाऱ्या रोवेना रॉबिन्सन यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी धर्मांतरानंतरच्या बदलाइतकाच सातत्यावर भर दिला आहे, आणि वस्त्रांच्या बाबतीत तरी तो योग्य ठरतो. मनाईचा परिणाम जातीनुसार कमीअधिक झाला. उच्चवर्णीय ख्रिस्ती पुरुष युरोपीय पोषाखाकडे वळले. सासष्टीतील ख्रिस्ती कुणबी व गावडा स्त्रिया मात्र विसाव्या शतकातही ‘कापड’ (चौकड्यांचे आखूड लुगडे) नेसत होत्या. इंक्विझिशन १७७४ मध्ये बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे रद्द झाले. नव्या काबिजादींतील वस्त्राचारांना त्याची झळ फारशी लागली नाही.

साडो : गोमंतकीय ख्रिस्ती वधूचा तांबडा पोषाख. चर्चमधील विवाहासाठी वधू पांढरा युरोपीय झगा घालते. साडो त्यानंतरचा, घरच्या समारंभांसाठी. त्याचे कापड वराकडून येते. जुन्या रीतीप्रमाणे लग्नाआधी एका ठरलेल्या दिवशी शिंप्याला घरी बोलावीत. घरातल्या देव्हाऱ्यासमोर प्रार्थना होई, चटईवर कापड पसरले जाई, आणि नातेवाइकांच्या देखत शिंपी पहिली कातर मारी. त्याच क्षणी बाहेर फटाके उडत, म्हणजे वाड्याला वर्दी मिळे. जमलेली मंडळी कापडावर नाणी टाकीत, ती शिंप्याची. आता साडो बहुधा तयार आणतात किंवा शहरात शिवून घेतात, त्यामुळे समारंभाचा हा भाग पुष्कळ ठिकाणी मागे पडला आहे.

साडोचा तांबडा रंग हा हिंदू सौभाग्यकल्पनेचा अवशेष, असे सर्रास लिहिले जाते. केवळ रंगावरून असे ठरवणे धोक्याचे आहे. पूर्वी केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे आलवणही तांबडेच असे, आणि मराठी विवाहातील वधूची अष्टपुत्री पिवळी असते. रंगापेक्षा कृतींचा क्रम अधिक बोलका आहे. ठरलेला शुभ दिवस, कापड सासरचे असणे, आणि साडोच्या जोडीला येणारा चुडो ही सारी चौकट हिंदू विवाहाचीच. चुडो म्हणजे मामाच्या घरी कांकणकाराने वधूच्या हातांत भरलेल्या हिरव्या, पिवळ्या, तांबड्या बांगड्या. त्यांतली एखादी भरताना फुटली तर घरातल्या म्हाताऱ्या अस्वस्थ होतात. पतीच्या निधनानंतर त्याच्या शवपेटीवर हा चुडो फोडण्याची चाल होती.

एका बाबतीत साडो हिंदू आचाराच्या अगदी उलट जातो, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. हिंदू कर्मकांडात शुद्ध वस्त्र ते अखंड, न शिवलेले. देवीला खण वाहतात तो न कापलेला; वस्त्र फाडण्याचा विधी येतो तो प्रेतासाठी. साडोत मात्र मंगलकृत्य कातरीपाशीच येऊन ठेपते. गुंडाळून नेसायच्या वस्त्राला जेथे मनाई झाली तेथे वस्त्राचे पावित्र्य नेसण्याच्या क्षणाकडून बेतण्याच्या क्षणाकडे सरकले असावे. या तर्काला कागदोपत्री आधार नाही. पण शिंपी हा एरवी बलुत्याचा माणूस साडोच्या दिवशी जवळजवळ पुरोहिताच्या जागी का बसतो, याचा उलगडा त्याने होतो.

उच्चवर्णीय ख्रिस्ती स्त्रियांचा पानो-बाजू हा मांडोच्या (गोमंतकीय ख्रिस्त्यांच्या नृत्यगीताच्या) वेळचा पोषाख वेगळ्या परंपरेतला आहे. त्यातील ‘बाजू’ या जरीकामाच्या सैल वरच्या वस्त्राचा संबंध मलाय द्वीपकल्पाशी जोडतात. मलाक्का व गोवा ही दोन्ही एके काळी पोर्तुगीज ठाणी असल्याने ते संभवते. (पहा : मांडो).

व्रतवेश व वेशांतर : शिरगाव (डिचोली) येथील लईराई देवीच्या वैशाखातील जत्रेत धोंड म्हणवले जाणारे व्रतस्थ भक्त आंघोळ करून सोवळ्याने, हाती रंगीत लोकरीच्या गोंड्यांचा बेत (वेताची काठी) आणि गळ्यात मोगऱ्याचे हार घेऊन पहाटेच्या सुमारास निखाऱ्यांवरून धावतात. व्रताच्या दिवसांत त्यांचे राहणे-जेवणे वेगळे असते. देवळांतून पालखीसाठी पायघड्या अंथरण्याचा आणि सोयर-सुतकानंतरची वस्त्रे शुद्ध करण्याचा मान परंपरेने मडवळ (परीट) समाजाकडे आला. देवीला आलेली लुगडी नंतर पावणीत, म्हणजे लिलावात, घेता येतात. ती प्रसाद म्हणून लेकीसुनांना नेसवतात आणि त्यांचा पायपुसण्यासारखा हलका वापर दोष मानला जातो.

वेशांतराची उदाहरणे पुष्कळ आहेत. धालो या बायकांच्या नृत्यगीतोत्सवाच्या शेवटच्या रात्री, पुरुषांना मज्जाव असलेल्या मांडावर (खेळाच्या पवित्र अंगणात), बायका पुरुषी वेश घेऊन सोंगे करतात. चांदर (सासष्टी) येथे कार्निव्हालच्या दिवसांत ख्रिस्ती पुरुष धोतर, मुंडासे व घुंगरू घालून मुसळखेळ (मुसळे घेऊन करायचा नाच) नाचतात. १७३६ च्या जाहीरनाम्याने ज्या प्रकारचे वस्त्र खाजगीतही नेसू दिले नव्हते, ते येथे वर्षातून एकदा चव्हाट्यावर येते.

वहाणा : बेताळ हा गावाच्या सीमा राखणारा देव, आमोणे, लोलये, पैंगीण येथील त्याची स्थाने प्रसिद्ध आहेत. लोलये येथील भव्य पाषाणमूर्ती विवस्त्र आहे. तिचा काळ शैलीवरूनच ठरवावा लागत असल्याने ‘मध्ययुगीन’ यापलीकडे न जाणे बरे. वस्त्र नसलेल्या या देवाला वाहिले जाते ते पादत्राण. बेताळ रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त चामड्याचा नवा जोड नवस म्हणून आणतात. हा जोड माणसाच्या पायापेक्षा बराच मोठा, जाड तळव्याचा आणि गावच्या चर्मकाराने हाताने शिवलेला असतो. जुन्या जोडाची टाच एका बाजूने खाली गेलेली दाखवून ‘देव फिरतो’ याची साक्ष देतात. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला याच प्रकारे मोठ्या चपला व केळ्यांचे घड वाहतात, त्यामुळे हा आचार एकट्या गोव्याचा नव्हे.

देवचाराचे, म्हणजे राखणदाराचे, वर्णन लोक करतात ते काष्टी (लंगोटी), खांद्यावर कांबळ, हाती दांडा आणि पायांत करकरणाऱ्या वहाणा असे. हा वेश कुणबी-गावड्यांचा आणि धनगरांचा आहे. जमिनीच्या राखणदाराला जमीन प्रथम कसणाऱ्यांचा पोषाख मिळावा, हे सूचक आहे. नवसातही कांबळ, दांडा व वहाणा याच वस्तू येतात.

शोकवस्त्रे : ख्रिस्ती समाजात मृत्यूनंतर काळी वस्त्रे घालतात, या शोकपालनाला पोर्तुगीजवरून आलेले ‘लूत’ हे नाव आहे. जवळच्या आप्तासाठी ते साधारण वर्षभर चाले. विधवा पुष्कळदा आयुष्यभर काळे घालीत. जुन्या पिढीतील ख्रिस्ती स्त्रिया चर्चला जाताना डोक्यावरून होल ही पांढरी चादर घेत, तिचा शोकाशी संबंध नाही.

कुणबी कापड : तांबड्या चौकड्यांचे, गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले आणि खांद्यावर गाठ मारलेले सुती वस्त्र. शेतात वाकून काम करताना पदर सुटू नये ही त्या गाठीची सोय. जुन्या नेसणीत चोळी नसे. गळ्यातील मण्यांच्या माळा भरगच्च असत. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धीमुळे अनेक ख्रिस्ती गावडे हिंदू झाले, पण स्त्रियांची नेसण धर्मानुसार बदलली नाही. ती दोन्हीकडे एकच होती. माग आणि विणकर कमी झाल्यावर कापड दुर्मिळ झाले. वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी २०१० च्या सुमारास ते फॅशनच्या व्यासपीठावर आणले आणि त्यानंतर ‘कुणबी साडी’ या नावाने ते शहरांतून विकले जाऊ लागले. ही साडी पूर्ण लांबीची असते, ब्लाउजवर नेसली जाते आणि तिला खांद्यावरची गाठ नसते.