पडणारी दांडी आणि न पडणारा ओंडका

ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताच्या फवाद मिर्झाची घोडेस्वारीतली अंतिम फेरी आटोपली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा संदेश आला: "दोन फेऱ्यांत पाच दांड्या उडवल्या त्याने. तरी तेविसावा? बाकीचे काय झोपले होते?"

काका काही घोड्यांतलं न कळणारे नव्हेत. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर त्यांची उभी हयात गेली. पण रेस कळते म्हणजे घोडेस्वारी कळते, असं मात्र नाही. रेसमध्ये प्रश्न एकच, आधी कोण पोचलं? त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! फक्त एक विनंती: फवाद मिर्झाला 'जॉकी' म्हणू नका. एवढ्यावर रेस बाजूला ठेवू.

खरा घोळ पुढे आहे. घोडा अडथळ्यावरून उडी मारताना दिसला की लोक त्याला सरसकट 'शो जंपिंग' म्हणतात. फवाद शो जंपिंगचा स्वार नाही, तो इव्हेंटिंगचा. इव्हेंटिंगमध्ये तीन परीक्षा असतात: ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याची शिस्तबद्ध कवायत), क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) आणि शेवटी जंपिंग. स्वार तोच, घोडाही तोच. हा शेवटचा टप्पा टीव्हीवर हुबेहूब शो जंपिंगसारखा दिसतो, आणि काकांसारखे जाणतेही तिथेच फसतात.

शो जंपिंग हा स्वतंत्र खेळ आहे. रंगीत दांड्या आधारांवर नुसत्या टेकवलेल्या असतात. घोड्याचा खूर जरा लागला की दांडी खाली. प्रत्येक दांडीला 4 दंडगुण. ऑलिम्पिकमध्ये उंची 1.60 मीटरच्या आसपास जाते, म्हणजे साधारण तुमच्या-माझ्या डोळ्यांएवढी. घोडा ताजातवाना असतो, त्याने याच कामाची तयारी केलेली असते, आणि पदकं बहुधा शून्य दंडवाल्यांत वाटली जातात. तिथे पाच दांड्या म्हणजे 20 दंड, म्हणजे तोंड लपवायची वेळ. काकांचा हिशेब या खेळापुरता अगदी बरोबर होता.

क्रॉस कंट्रीत मात्र दांडी नसतेच. तिथे असतात जमिनीत घट्ट बसवलेले ओंडके, खंदक, चढउतार, पाण्यात उतरून पुन्हा बाहेर काढणाऱ्या उड्या. पडण्यासारखं काही नाही, त्यामुळे घोड्याचा पाय घासला तरी दंड नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण दांडी घोड्याला माफ करते, ओंडका करत नाही. पुढचे पाय अडकले तर घोडाच कोलांटी खातो आणि स्वार त्याच्याखाली सापडू शकतो. म्हणून आता काही अडथळ्यांत जोराचा धक्का बसला की निसटणारी खीळ बसवतात. ती निसटली की 11 दंड. लंडन आणि रिओ अशी सलग दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकलेल्या मिखाएल युंगला टोकियोत हेच 11 दंड भोवले. घोडा अडथळ्यापुढे अडला तर 20, त्याच अडथळ्यापाशी पुन्हा अडला तर आणखी 40. स्वार खाली पडला तर तो बाद. शिवाय घड्याळ: ठरलेल्या वेळेपेक्षा उशिराच्या प्रत्येक सेकंदाला 0.4.

टोकियोत हे अंतर जवळजवळ साडेचार किलोमीटर होतं, 7 मिनिटं 45 सेकंदांत कापायचं. आणि त्या दमणुकीनंतर, पशुवैद्यांची तपासणी पार करून, त्याच घोड्याने जंपिंगच्या मैदानात उतरायचं! म्हणून तिथली उंची कमी, 1.30 मीटरच्या आतबाहेर. उंची ही तिथली परीक्षाच नाही. आदल्या दिवशी जीव तोडून धावलेला, ओंडक्यांवर बेधडक झेपावलेला घोडा आज त्या नाजूक दांड्यांशी सांभाळून वागतो का, पाय उचलून घेतो का, हे तिथे बघतात. हा खेळ मुळात घोडदळाच्या अधिकाऱ्यांचा, 1912 च्या स्टॉकहोमपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी घोडा कामाचा उरला आहे का, हाच तो प्रश्न. आपल्याकडेही हा खेळ लष्करानेच जोपासला. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्ण जिंकलं ते इव्हेंटिंगमध्येच.

आता फवादचं प्रगतिपुस्तक वाचू. ड्रेसाजमध्ये 72 टक्के. इव्हेंटिंगमध्ये ते 100 मधून वजा करतात, म्हणून 28 दंड. क्रॉस कंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, 28 सेकंद उशीर, म्हणून 11.20. जंपिंगच्या पहिल्या फेरीत दोन दांड्या, म्हणजे 8. या बेरजेवर त्याने अंतिम पंचविसांत जागा मिळवली. अंतिम फेरीत तीन दांड्या आणि एका सेकंदाचा उशीर, 12.40. एकूण 59.60. म्हणजे ज्या दांड्यांवरून काका खवळले होते, त्यांचा वाटा साठातला वीस. उरलेले चाळीस त्यांनी पाहिलेच नव्हते, कारण ड्रेसाज आणि क्रॉस कंट्री चालू असताना ते झोपले होते.

ड्रेसाजबद्दल थोडक्यात, कारण त्यात उडीच नाही. शब्द फ्रेंच आहे, अर्थ प्रशिक्षण; कपड्यांशी काही संबंध नाही, म्हणून 'ड्रेसेज' लिहिणं थांबवा. स्वतंत्र ड्रेसाजमध्ये टक्केवारी जितकी जास्त तितकं चांगलं, इव्हेंटिंगच्या बरोबर उलट. सारंगखेड्याच्या यात्रेत नाचरे घोडे पाहिलेल्यांना जागच्या जागी दुडकी चालणारा घोडा बघून "अरे, हा तर नाचतोय" असं वाटतं. नाचऱ्या घोड्याची कला वेगळी, तिला माझा नमस्कार. पण ड्रेसाजमध्ये स्वाराचा इशारा प्रेक्षकाला दिसला की गुण गेलेच. स्वार नुसता बसलाय असं वाटलं पाहिजे.

2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुदिप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं. दुसऱ्या दिवशी एका ठिकाणी बातमीसोबत फोटो होता दांडीवरून झेपावणाऱ्या घोड्याचा. त्या चौघांच्या घोड्यांनी त्या स्पर्धेत एकही उडी मारली नव्हती.

माझी आवड विचाराल तर क्रॉस कंट्री, डोळे झाकून. शो जंपिंग देखणं आहे, पण मला ते जरा दिवाणखान्यातलं वाटतं. मांड किती पक्की आहे ते पाण्यातून बाहेर पडणाऱ्या घोड्यावर कळतं.

हे सगळं मी काकांना तेव्हाच सविस्तर लिहून पाठवलं होतं. दोन तासांनी उत्तर आलं: "बरं. पण यात भाव कोण लावतं?"