धडधाकट विमान कोसळतं कसं?

छोटं खासगी विमान पडल्याची बातमी आली की ऐकणाऱ्याचा पहिला अंदाज ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं असणार. असं होतंही कधीकधी. पण इंजिन बंद पडणं आणि माणसं दगावणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. सेस्ना १७२ हे चार आसनांचं विमान घ्या. जगात सगळ्यात जास्त संख्येनं बनलेलं विमान ते हेच. इंजिन थांबलं तरी ते दर मीटर उंचीमागे साधारण नऊ मीटर पुढे तरंगत जातं. एक किलोमीटर उंचीवर असाल, तर हाताशी चार-साडेचार मिनिटं आणि जवळपास नऊ किलोमीटरची मजल असते. तेवढ्यात मोकळी, सपाट जागा सापडली आणि विमान ताब्यात ठेवून तिथं टेकवलं, तर विमानाची मोडतोड होते, पण आतली माणसं बरेचदा चालत बाहेर येतात.

‘ताब्यात ठेवून’ हीच खरी अट. खासगी विमानांची सर्वाधिक संख्या अमेरिकेत आहे, त्यामुळे या अपघातांचा सर्वांत तपशीलवार अभ्यासही तिथलाच. त्या तपासांत वर्षानुवर्षं एकच कारण वर राहिलं आहे. जीवघेण्या अपघातांत सगळ्यात मोठा गट हवेत विमानावरचा ताबा सुटण्याचा असतो. इंजिन चालू, पंख शाबूत, सुकाणू जागेवर, आणि तरीही विमान जमिनीवर आदळतं. एकूण अपघातांपैकी साधारण चारातल्या तिनांचा माग शेवटी वैमानिकाच्या निर्णयाशी किंवा हाताशी येऊन थांबतो. यंत्राच्या वाट्याला त्या मानानं थोडेच येतात.

ताबा सुटतो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट पंखाची.

पंख समोरून येणाऱ्या हवेला थोडा तिरका भेटतो. हवा त्याच्या वरच्या पाठीला धरून वाहते आणि त्यातून विमानाला उचल मिळते. हा तिरकेपणा वाढवत नेला की उचलही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. छोट्या विमानांत ही मर्यादा साधारण १५ ते १८ अंशांची असते. ती ओलांडली की हवा पंखाची पाठ सोडते, भोवरे उठतात आणि उचल एकदम कोसळते. हा स्टॉल. शिकाऊ वैमानिकाला सुरुवातीला वाटतं की स्टॉल म्हणजे वेग कमी झाल्याचा परिणाम. वेगाचा संबंध आहे, पण खरा हिशेब कोनाचा असतो. त्यामुळे स्टॉल कुठल्याही वेगात होऊ शकतो, इंजिन पूर्ण जोरात असताना होऊ शकतो, अगदी नाक जमिनीकडे असतानाही होऊ शकतो.

वळणात हा हिशेब आणखी अवघड होतो. विमान वळतं ते कलून, आणि कललेल्या पंखाची उचल सरळ वर न राहता तिरकी होते. उंची टिकवायची तर एकूण उचल वाढवावी लागते. ६० अंश कललेलं विमान सपाट वळण घेत असेल, तर त्याच्या पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी चढतो. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान मग १२७ लाच हात टेकतं.

आता धावपट्टीवर उतरण्याआधीचं शेवटचं वळण डोळ्यांसमोर आणा. उंची १५० मीटरच्या आसपास, वेग आधीच कमी केलेला. पाठीमागून वारा असल्यामुळे विमान थोडं पुढे वाहून गेलं आहे आणि धावपट्टीची रेषा हुकते आहे. वैमानिकाला विमान जास्त कलवायची भीती वाटते, म्हणून तो पायानं रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) दाबून नाक आत ओढतो. त्यानं विमान आणखी कलतं, मग तो हातानं उलट दिशेला सावरतो. नाक खाली जातं, म्हणून नाक वर-खाली करायचा दांडा मागे ओढतो. यातली प्रत्येक हालचाल त्या क्षणी साहजिक वाटते, आणि तिन्ही मिळून आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होईल याची व्यवस्था करतात. विमान त्या बाजूला उलटतं आणि गरगरत खाली येऊ लागतं. सेस्ना १७२ ला अशी एक गिरकी खाऊन सावरायला सुमारे ३०० मीटर उंची लागते. इथं असते त्याच्या निम्मी.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही सोपे. रेषा हुकली तर इंजिनाला जोर देऊन वर जायचं आणि पुन्हा फेरी घ्यायची. स्टॉलची चाहूल लागली तर दांडा पुढे ढकलायचा. यातला दुसरा सांगायला सोपा, करायला महाकठीण. जमीन अंगावर येत असताना नाक आणखी जमिनीकडे करायचं, याला माणसाचं सगळं शरीर नकार देतं. म्हणूनच त्याचा सराव उंचावर जाऊन पुन्हा पुन्हा करावा लागतो. परवान्याच्या परीक्षेपुरता एकदा करून तो अंगात मुरत नाही.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोहही याच जातीचा. हे वळण १८० अंशांत भागत नाही. तेवढं वळलात तर धावपट्टीच्या बाजूला, तिला समांतर येता. रेषेवर यायला आणखी वळावं लागतं, तेही कमी उंचीवर, कमी वेगात, इंजिनाविना. समोर जे काही असेल त्यात सरळ उतरणं हे दिसायला वाईट आणि बहुतेकदा जास्त सुरक्षित.

ताबा सुटण्याची दुसरी वाट कानातून जाते. आंतरकर्णात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. मात्र वळण एकाच गतीनं दहा-वीस सेकंद चालू राहिलं की द्रवही त्या गतीला येतो, आणि मेंदू समजतो आपण सरळ चाललो आहोत. फार हळू सुरू झालेलं वळण तर जाणवतच नाही. जमिनीवर डोळे ही चूक सतत दुरुस्त करत असतात. ढगात शिरलं, क्षितिज दिसेनासं झालं, की दुरुस्ती थांबते.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये याचा प्रयोग झाला. उपकरणं पाहून उडवायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना विमानात बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवायला दिलं. प्रत्येकाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. त्यातल्या १९ जणांचं विमान एकाच प्रकारे बिघडलं. ते नकळत कलतं, नाक झुकतं, वेग वाढतो. वैमानिकाला फक्त उंची कमी होताना दिसते, म्हणून तो दांडा ओढतो. विमान कललेलं असल्यामुळे त्या ओढण्यानं ते वर येत नाही, गिरकी आणखी आवळते. हा १७८ चा आकडा वैमानिकांना घाबरवायला सर्रास वापरला जातो. त्या प्रयोगाचा मूळ हेतू मात्र अशा परिस्थितीतून वळून परत यायची साधी पद्धत शिकवणं हा होता, आणि शिकल्यावर त्याच लोकांना ते जमू लागलं. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

ढगच हवेत असंही नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनिअर पायपर साराटोगा घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. उपकरणांवर उडवायची पात्रता त्यांच्याकडे नव्हती, पण नियमाप्रमाणे त्या हवेत तिची गरजही नव्हती. आकाशात धुरकट हवा, खाली काळं पाणी, किनाऱ्याचे दिवे मागे पडलेले. पाणी आणि आकाश यांमधली रेषाच उरली नाही. तपासात विमानात दोष सापडला नाही. दिशाभान हरपल्यामुळे ताबा सुटला, असा निष्कर्ष निघाला. तिघं गेले. ३ फेब्रुवारी १९५९ ला गायक बडी हॉली ज्या बीचक्राफ्ट बोनान्झात होता, त्याच्या वैमानिकाचीही रात्री, हिमवृष्टीत हीच गत झाली. तिथं भर पडली ती कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाची. वैमानिक ज्यावर शिकला होता, त्याच्या उलट पद्धतीनं ते कल दाखवत होतं.

मग माणूस अशा हवेत जातोच का? मला या विषयातला हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग वाटतो, कारण इथं भौतिकशास्त्र संपतं. ठरलेला बेत मोडणं माणसाला जड जातं आणि मुक्काम जितका जवळ, तितकं जास्त जड जातं. ११ एप्रिल १९९६ ला अमेरिका आडवी पार करायला निघालेलं एक सेस्ना विमान वायोमिंगमधल्या शायन इथून उडालं. सुकाणूवर सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ बसली आहे, याचा वृत्तवाहिन्यांवर गाजावाजा चालू होता. प्रत्यक्षात विमानाची जबाबदारी शेजारच्या प्रशिक्षकाची होती. वादळी पाऊस येऊन ठेपला होता, विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास १९०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत साध्या दट्ट्याच्या इंजिनाची ताकद पाचव्या हिश्श्यानं घटते, पंख्याचा जोर आणि पंखांची उचलही उणावते. उड्डाणानंतर लगेच स्टॉल झाला आणि मुलगी, तिचे वडील, प्रशिक्षक, तिघंही मरण पावले. तासभर थांबायला कुणी मनाई केली नव्हती. पण पुढच्या मुक्कामाचं वेळापत्रक ठरलेलं होतं.

इंधनाची कथा त्या मानानं रटाळ आहे. अमेरिकेत २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या गैरव्यवस्थेतून दरवर्षी सरासरी ५० हून जास्त अपघात झाले. कधी टाकी खरोखरच रिकामी होते, तर कधी एका पंखातली टाकी संपते आणि दुसरीत इंधन असूनही झडप वेळेवर फिरवली जात नाही. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला घरगुती बांधणीच्या लाँग-ईझी विमानात गेला. त्या विमानात टाकी बदलायची मूठ बांधणाऱ्यानं वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथपर्यंत हात न्यायला अंग वळवलं की उजवा पाय रडरवर दाबला जातो. अशा अपघाताला ‘वैमानिकाची चूक’ एवढंच म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातल्या, बर्फाचं नवशिक्यांना नवल वाटतं. आत पेट्रोलची वाफ होताना आणि हवेचा दाब पडताना तापमान इतकं घसरतं की बाहेर २० अंश आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. गरम हवेचा खटका ओढायचा एवढंच काम असतं, फक्त ते आठवावं लागतं. कमी उंचीवरच्या कसरतींचं तर फार सांगायला नको. २३ जून १९८० ला दिल्लीत संजय गांधींचं पिट्स विमान पडलं तेव्हाही चुकलं तर सावरायला खाली उंचीच नव्हती.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका मात्र कळतच नाही. छोट्या विमानांत केबिनची ऊब बहुधा इंजिनाच्या धुराड्याभोवतीच्या हवेतून येते. धुराड्याला चीर गेली की विषारी वायू आत येतो. फुटबॉलपटू एमिलियानो साला २१ जानेवारी २०१९ ला इंग्लिश खाडीत कोसळलेल्या पायपर मालिबूत होता. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी ५८ टक्के या वायूनं व्यापलेलं आढळलं. वैमानिकही त्याच्या अमलाखाली असावा, असं ब्रिटिश तपासकांनी म्हटलं. त्याला रात्री उडवायची परवानगी नव्हती, हेही त्याच अहवालात आहे.

संख्येनं पाहिलं तर सर्वाधिक अपघात उतरताना होतात. विमान उसळतं, धावपट्टी सोडतं, पुढचं चाक मोडतं. त्यात माणसं क्वचित जातात.

सिरस कंपनीनं १९९० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या विमानालाच पॅराशूट लावलं. मूठ ओढली की विमान आतल्या माणसांसकट छत्रीखाली उतरतं. तरीही सुरुवातीच्या वर्षांत या विमानांतले जीवघेणे अपघात अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. मूठ ओढणं म्हणजे हार मानणं, असं वैमानिकांना वाटे. अडचण आली की आधी मूठ आठवायची, असं प्रशिक्षण नव्यानं बसवल्यावर चित्र पालटलं. पण उतरतानाच्या त्या शेवटच्या वळणावर पॅराशूटही पोचत नाही. गिरकीत सापडलेलं सिरस छत्रीनं सावरलं जाईपर्यंत चाचण्यांमध्ये सुमारे २८० मीटर खाली आलं होतं.