टाइमशिफ्ट आणि देजा डुप: कोण काय परत आणतं?

लिनक्स या संगणक प्रणालीवर नव्याने आलेल्या कुणालाही "बॅकअप घेतोस ना?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो, टाइमशिफ्ट चालू आहे." मग मी विचारते, "त्यात तुझे फोटो आहेत का?" बहुतेकांना वाटतं, असणारच. मूळ सेटिंगला हात लावला नसेल तर ते नसतात.

ही गफलत होणं स्वाभाविक आहे. टाइमशिफ्ट आणि देजा डुप ही दोन्ही साधनं जुन्या प्रती ठेवतात, दोन्हींना वेळापत्रक लावता येतं आणि दोन्हींत 'रिस्टोअर', म्हणजे परत आणणं, हा शब्द आहे. पण टाइमशिफ्ट यंत्राला मागच्या तारखेला नेतं, तर देजा डुप तुमची फाइल आजच्या तारखेत परत आणतं.

टाइमशिफ्ट टोनी जॉर्ज यांनी लिहिलं. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराने 2017 मध्ये 18.3 या आवृत्तीपासून ते सोबत द्यायला सुरुवात केली आणि 2022 पासून मिंटची मंडळीच त्याची देखभाल करतात. त्याचं काम सिस्टिमच्या फाइली सांभाळणं एवढंच आहे: कर्नल (सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम), बसवलेली सॉफ्टवेअर, त्यांची सेटिंग. तुमचा होम फोल्डर, म्हणजे कागदपत्रं, फोटो, गाणी, त्यातून मुद्दाम वगळलेला असतो. सेटिंगमधल्या वापरकर्त्यांच्या टॅबवर प्रत्येक नावापुढे तीन पर्याय दिसतात: सगळं वगळा, फक्त लपलेल्या फाइली घ्या, सगळं घ्या. खूण पहिल्यावर असते.

ती तिथेच असू द्या, असं मी आग्रहाने सांगते. एकदा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर माझा लॅपटॉप सुरू होऊन काळ्या पडद्यावरच अडकला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे थेट चालणारं लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून, तो चालू केला, टाइमशिफ्ट उघडलं, आतली डिस्क निवडली, आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या सिस्टिमची जतन केलेली प्रत) निवडून रिस्टोअर दाबलं. ड्रायव्हर जुना झाला, पडदा उजळला. आणि त्याच सकाळी लिहिलेली बारा पानं जागच्या जागी होती, कारण होम फोल्डरला कुणी हातच लावला नव्हता. माझ्या एका मैत्रिणीने मात्र "जास्त सुरक्षित" म्हणून 'सगळं घ्या' निवडलं होतं. तिनेही असाच बिघडलेला ड्रायव्हर काढायला रिस्टोअर केलं. ड्रायव्हर सुधारला, पण सोबत तिचा प्रबंधही चार दिवस मागे गेला. स्नॅपशॉटनंतर तयार केलेल्या फाइली तर नाहीशाच झाल्या. त्या तारखेला त्या नव्हत्या, म्हणून टाइमशिफ्टने त्या काढून टाकल्या. त्याने नेमून दिलेलं काम चोख केलं होतं.

जागेचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. टाइमशिफ्ट आरसिंक आणि बीटीआरएफएस अशा दोन पद्धतींनी चालतं. आरसिंक पद्धतीत पहिला स्नॅपशॉट सिस्टिमची पूर्ण नक्कल असतो. पुढच्या स्नॅपशॉटमध्ये फक्त बदललेल्या फाइली नव्याने लिहिल्या जातात, न बदललेल्यांसाठी हार्ड लिंक तयार होते. हार्ड लिंक म्हणजे डिस्कवरच्या एकाच मजकुराला दिलेलं आणखी एक नाव. म्हणून कुठलाही स्नॅपशॉट उघडा, तो पूर्ण दिसतो. आणि म्हणूनच जुना स्नॅपशॉट पुसला तरी कधीकधी जागा फारशी मोकळी होत नाही, कारण त्याच फाइलींना नंतरच्या स्नॅपशॉटांनीही धरून ठेवलेलं असतं.

हार्ड लिंक आणि फाइलींच्या परवानग्या जपायच्या असल्यामुळे आरसिंक पद्धतीला लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना) असलेलीच डिस्क लागते, उदाहरणार्थ ईएक्सटी4. पेनड्राइव्हवर नेहमी असणारी फॅट किंवा विंडोजची एनटीएफएस चालत नाही. बीटीआरएफएस पद्धतीत, म्हणजे त्याच नावाच्या फाइल सिस्टिमवर, स्नॅपशॉट क्षणात होतो, पण तो त्याच डिस्कवर राहतो. डिस्क मेली की स्नॅपशॉटही गेले. आरसिंकवाले अनेक जणही सोयीसाठी तीच डिस्क निवडतात, त्यांचंही तेच होणार.

देजा डुप हे ग्नोमच्या, म्हणजे लिनक्सवरच्या एका लोकप्रिय डेस्कटॉपच्या, जगातलं साधन. मेनूत ते नुसतं 'बॅकअप्स' या नावाने दिसतं, त्यामुळे आपण देजा डुप वापरतो हे पुष्कळांना माहीतही नसतं. ते होम फोल्डर घेतं, मजकूर आवळून त्याचे गठ्ठे करतं, हवं तर पासवर्डने कुलूपबंद करतं आणि बाहेरच्या डिस्कवर, नेटवर्कवरच्या सर्व्हरवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवतं. हे गठ्ठे साध्या फाइली असल्यामुळे डिस्कवर कुठली फाइल सिस्टिम आहे याने अडत नाही. परत आणताना तारीख निवडायची, हवी ती एकच फाइल निवडायची आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायची. बाकी काहीही हलत नाही.

दोन ठिकाणी मात्र जपा. एक, कचरापेटीसोबत डाउनलोड्स फोल्डरही ते सुरुवातीला वगळतं. आलेली बिलं, अर्ज, प्रमाणपत्रं तिथेच पडू देणाऱ्यांनी तो फोल्डर वगळण्याच्या यादीतून आजच काढावा. दोन, पासवर्ड विसरलात तर ते गठ्ठे कुणालाही उघडता येणार नाहीत. तो कागदावर लिहा आणि कागद संगणकापासून दूर ठेवा.

गठ्ठे नकोत, उघडून पाहता येतील अशा साध्या फाइली हव्यात, असं वाटणाऱ्यांसाठी बॅक इन टाइम हे साधन आहे. तेही हार्ड लिंकवरच चालतं, पण तुमच्या फोल्डरांसाठी.

माझ्या लॅपटॉपवर टाइमशिफ्ट रोज एक स्नॅपशॉट घेतं आणि शेवटचे तीन ठेवतं, शिवाय आठवड्याचे दोन. मोठं अपडेट करण्याआधी मी एक हाताने घेते. देजा डुप रोज बाहेरच्या डिस्कवर लिहितं. दर दोन महिन्यांनी मी त्यातून एखादी जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणते, उघडते आणि शेवटच्या पानापर्यंत खाली जाऊन पाहते.