बरोबरी घ्यावी की नाही? रेटिंगचं गणित काय सांगतं

मुंबईतल्या एखाद्या बुद्धिबळ रेटिंग स्पर्धेची पाचवी फेरी धरू. एका बाजूला दादरचा 13 वर्षांचा मुलगा, रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, 1650. समोर बोरिवलीहून लोकलने आलेले बँकेतले गृहस्थ, रेटिंग 1850. पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी उरलीत. मुलगा चाल खेळतो, ‘ड्रॉ?’ विचारतो, मग घड्याळ दाबतो. क्रम हाच हवा. समोरचा विचार करत असताना विचारलं तर प्रस्ताव बाद होत नाही, पण पंचांची ताकीद मिळू शकते.

गृहस्थ मनात म्हणतात, ‘पोरासोबत बरोबरी? रेटिंग जाईल.’

रेटिंग जातं हे खरं. आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970मध्ये स्वीकारली. तिच्यात रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षित गुण ठरतात. 200चा फरक असेल तर वरच्याला 0.76, खालच्याला 0.24. प्रत्यक्ष गुणांतून (विजय 1, बरोबरी 0.5, हार 0) अपेक्षित गुण वजा करायचे आणि ‘के’ या ठरलेल्या गुणकाने गुणायचे. गृहस्थांचा के 20, म्हणून बरोबरीत 5.2 जातात, जिंकले तर 4.8 मिळतात, हरले तर 15.2 जातात. अठराच्या आतल्या, 2300पेक्षा कमी रेटिंगच्या मुलांचा के 40 असतो, त्यामुळे या मुलाला बरोबरीचे 10.4 मिळतात. मुलांचा खेळ महिन्या-महिन्याला सुधारतो, रेटिंग मागे रेंगाळतं, म्हणून ही सोय. एकाचे गेले तेवढेच दुसऱ्याला मिळतात, असं इथे होत नाही.

आता हे आकडे बरोबरीच्या जागेवरून पाहा. उणे 5.2वरून जिंकल्यास अधिक 4.8, म्हणजे 10चा फायदा. हरल्यास उणे 15.2, म्हणजे 10चाच तोटा. समोर 1650 असो वा 2050, या दोन पायऱ्या के च्या निम्म्याच राहतात. फरकाचा हिशोब पहिल्या चालीआधीच होऊन गेलेला असतो.

म्हणून प्रश्न एवढाच: इथून पुढे जिंकण्याची शक्यता जास्त की हरण्याची? हत्ती मोकळा आहे का, राजा मध्यावर लवकर कोणाचा पोचेल, घड्याळात किती मिनिटं उरलीत, हे बघावं. समोरचा 1650 कदाचित आज 1800च्या ताकदीने खेळत असेल, तेही धरावं. पुष्कळ जण नेमके इथे चुकतात. पाच गुण वाचवायला समान स्थितीत प्यादं उगाच पुढे ढकलतात, ते पडतं, आणि पाचाचे पंधरा होतात.