कोण बघतंय तुझ्याकडे?

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीत पहिल्या दोन-तीन प्रकरणांत बहुतेक वेळा आरसा येतो. नायिका समोर उभी राहते, नाकाचा आकार, दंडांची जाडी, कपाळावरची पुटकुळी एकेक करून तपासते. आज वर्गात पाऊल टाकलं की सगळ्या माना आपल्याकडेच वळणार, या भीतीने तिच्या पोटात गोळा येतो. मागून आईचा आवाज येतो, ‘‘आवर गं आता. कोण बघतंय तुझ्याकडे?’’

आईचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याला प्रयोगाचा आधारही आहे. पण हे वाक्य ऐकून पंधरा वर्षांच्या मुलीचं समाधान होत नाही. का होत नाही, यामागे एक विलक्षण सुंदर विज्ञान आहे.

आपल्या शरीराचं जे चित्र आपण मनात रंगवतो, त्याला देहप्रतिमा म्हणतात. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ साली तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. हे चित्र रंगवताना चित्रकार एकटा नसतो. पाठीशी प्रेक्षक उभे असतात, आणि कुमारवयात त्यांची गर्दी फार वाढते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्यांना नाव दिलं : काल्पनिक प्रेक्षक. त्याचं म्हणणं असं की या वयात दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करण्याची ताकद नव्याने येते. मात्र स्वतःच्या मनात सतत जे घोळत असतं, तेच दुसऱ्याच्याही मनात घोळत असणार, असं गृहीत धरलं जातं. मला पुटकुळीशिवाय काही सुचत नाही, म्हणजे वर्गालाही सुचत नसणार! याला वेडेपणा म्हणू नये. नवं हत्यार हाती आल्यावर सुरुवातीला हात कापतोच.

मेंदूतही याच्या खुणा दिसतात. सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८ ते २२ वर्षांच्या मुलामुलींना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि सांगितलं, ‘आता कॅमेरा सुरू आहे, तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय.’ प्रत्यक्षात बघत कुणीच नव्हतं. तरी कुमारवयीनांना संकोच वाटला, त्यांच्या त्वचेवरचा घामाचा प्रतिसाद वाढला, आणि स्वतःविषयी विचार करताना जागा होणारा मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग लहान मुलांपेक्षा जास्त सक्रिय झाला. त्याचा स्ट्रायटमशी, म्हणजे कृतीला प्रेरणा देणाऱ्या खोलवरच्या भागाशी, असलेला ताळमेळही या वयात अधिक दिसला.

आता माझा सर्वांत आवडता प्रयोग. कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एक टी-शर्ट घालायला दिला. त्यावर एका गायकाचं भलंमोठं चित्र होतं, आणि तो घालून मिरवायची विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा तो गायक होता. टी-शर्ट घालून विद्यार्थ्याने इतरांनी भरलेल्या खोलीत जायचं, क्षणभर थांबायचं आणि बाहेर यायचं. किती जणांनी चित्र ओळखलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्यांनी. ओळखलं होतं साधारण पाव लोकांनी. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

अंदाज दुपटीने का चुकला? कारण अंदाज स्वतःपासून सुरू होतो. आपण आपल्या जाणिवेत नांगर टाकतो आणि मग दुसऱ्याच्या बाजूला होडी वल्हवू लागतो. ‘त्यांना माझ्याइतकं जाणवणार नाही’ एवढं कळतं, म्हणून थोडं सरकतो. पण दोर आखूड, त्यामुळे होडी लवकर अडते. याचा पुरावा त्याच संशोधनात आहे. काहींना खोलीत जाण्याआधी टी-शर्ट अंगात घालून थोडा वेळ बसू दिलं, तेव्हा त्यांचा अंदाज कमी झाला. टी-शर्ट तोच होता, त्याची सवय तेवढी झाली होती. म्हणजे प्रेक्षकांची संख्या ठरते ती आपलं स्वतःकडे किती लक्ष आहे यावर!

म्हणून आईचं वाक्य लागू पडत नाही. ते होडी हलवायला सांगतं, पण नांगर तिथेच ठेवतं. कादंबरी मात्र वाचकाला अलगद उचलून दुसऱ्याच्या डोक्यात ठेवू शकते. फोटोला किंवा पडद्यावरच्या चेहऱ्याला हे जमत नाही. ते बाहेरूनच दिसतात. काल्पनिक प्रेक्षकांवर कथेइतकं नेमकं साधन दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच शेवटी नायिका बारीक होते, चष्मा काढते आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतो, अशा कादंबऱ्यांचा मला राग येतो. तिथे लेखकच सांगतो की प्रेक्षक खरे होते आणि ते बघत होते. उंची वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिराती हेच सांगतात, वर खोटंही बोलतात. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या एकदा बंद झाल्या की कुठलीही पावडर त्या उघडू शकत नाही. आणि ‘हे पुस्तक वाचा, न्यूनगंड घालवा’ हा दावाही तितकाच फसवा आहे. जेवण तोडणाऱ्या, खाल्लेलं ओकून टाकणाऱ्या मुलीला पुस्तकाआधी डॉक्टरांची गरज असते.

मला आवडतात त्या दोन निवेदकांच्या कादंबऱ्या. एका प्रकरणात नायिका तीन पानं पुटकुळीवर रडते. पुढचं प्रकरण मैत्रिणीच्या तोंडून येतं, संध्याकाळ तीच असते. मैत्रीण त्या संध्याकाळचं सगळं सांगते : आपले घामेजलेले तळहात, आपला चिरका आवाज, आपले वाकडे दात. पुटकुळीचा त्यात उल्लेखही नसतो.