दुकानाचं लायसन्स, माणसाचं लायसन्स

"लायसन्स आहे ना आपल्याकडे!" इंग्लंडमधल्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात दारूविक्रीबद्दल काहीही विचारा, उत्तर हेच येतं. कोणतं लायसन्स, असं विचारलं की मालक भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवतात आणि टिलवरचा, म्हणजे गल्ल्यावरचा, पोरगा म्हणतो, "ते दादांच्या नावावर आहे." दोघं दोन वेगळ्या कागदांबद्दल बोलत असतात आणि दोघांनाही त्याची कल्पना नसते. अशा दुकानांची कागदपत्रं लावून देणं हे माझं काम आहे. हेच पुन्हा पुन्हा समजावून थकलोय, म्हणून एकदाच लिहितो. लिहितोय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तो यात मिसळू नका.

दुकान चालवत असाल तर प्रिमायसेस लायसन्स तुम्हाला पाठच असेल, म्हणून भरभर सांगतो. ते जागेचं असतं. दुकान ज्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, हद्दीत, ती काउन्सिल ते देते. विक्रीच्या वेळा, अटी, दुकानाचा नकाशा हे सगळं त्यात येतं. वर्षाची फी थकली तर ते स्थगित होतं. सारांशाचा कागद दर्शनी भागात लावायचा आणि पूर्ण लायसन्स किंवा त्याची प्रमाणित प्रत दुकानातच ठेवायची. घरच्या कपाटात नाही.

पर्सनल लायसन्स माणसाचं असतं. वय 18 पूर्ण, ठरलेली परीक्षा पास, गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी आणि 37 पौंड फी. अर्ज तुम्ही राहता तिथल्या काउन्सिलकडे करायचा. पुढे गाव बदललं तरी तुमचं खातं त्याच काउन्सिलकडे राहतं, फक्त नवा पत्ता कळवायचा. 1 एप्रिल 2015 पासून त्याला मुदत नाही, त्यामुळे जुन्या कार्डावर छापलेली 10 वर्षांची तारीख सोडून द्या. व्हिसावर असलेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: 6 एप्रिल 2017 पासून मिळालेलं पर्सनल लायसन्स कामाचा हक्क संपला की संपतं.

इथवर कुणाची फारशी चूक होत नाही. घोळ होतो तो हे दोन कागद एकमेकांना जोडताना.

2003 च्या लायसन्सिंग कायद्याने दारू विकणाऱ्या दुकानाच्या लायसन्सवर दोन अटी सक्तीने घातल्या आहेत. एक, लायसन्सवर डीपीएस (डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर, म्हणजे दुकानाचा नेमलेला जबाबदार माणूस) म्हणून एकाचं नाव हवं आणि त्या माणसाकडे चालू पर्सनल लायसन्स हवं. दोन, दारूची प्रत्येक विक्री पर्सनल लायसन्स असलेल्या माणसाने स्वतः करावी, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने करावी. या दुसऱ्या अटीतल्या 'अधिकार दिलेल्या'वर सगळं अडतं.

निम्मे मालक समजतात की पर्सनल लायसन्सवाला दुकानात हजर नसेल तर बिअरचा एक कॅनही विकता येत नाही. मग डीपीएस जेवायला गेला की फ्रिजवर पडदा ओढतात. हे कायद्यात कुठेही नाही. उरलेले निम्मे उलट टोकाला जातात: दुकानाला लायसन्स आहे, म्हणजे टिलवर उभा असलेला कुणीही विकू शकतो. हेही कायद्यात नाही, आणि माझ्या मते हा गैरसमज पहिल्यापेक्षा कितीतरी घातक आहे. पडद्याने फार तर गिऱ्हाईक जातं. या दुसऱ्या समजुतीपायी दुकानाचा परवानाच जाऊ शकतो.

खरी गोष्ट या दोहोंच्या मधे आहे. अधिकार देणाऱ्याने प्रत्येक विक्रीवर नजर ठेवून उभं राहायची गरज नाही. पण अधिकार खरोखर दिलेला हवा. सरकारी मार्गदर्शिका त्यासाठी काय बघते? कुणाला अधिकार दिला ते माणसागणिक स्पष्ट हवं. काय करायचा अधिकार दिला तेही स्पष्ट हवं. तो देण्याची काहीतरी उघड कृती झालेली हवी, उदाहरणार्थ सहीचा कागद. आणि दिल्यानंतर अधूनमधून लक्ष ठेवण्याची व्यवस्था हवी. कागद सक्तीचा नाही. तरी मी कागदाशिवाय एकही दुकान सोडत नाही, कारण रात्री नऊ वाजता अधिकारी येऊन "तुला कुणी अधिकार दिला?" असं विचारतो तेव्हा "आमच्यात तसं समजूनच असतं" हे उत्तर चालत नाही.

आणि कृपा करून "सर्व कर्मचाऱ्यांना अधिकार देण्यात येत आहे" असा एका ओळीचा कागद लावू नका. हा कागद पाहिला की माझं डोकंच उठतं. त्यात कुणाचं नाव नाही, तारीख नाही, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेला माणूसही त्यात बसतो. नावं लिहा, प्रत्येकाची सही घ्या, आणि वय कसं तपासायचं, झिंगलेल्याला नाही कसं म्हणायचं हे शिकवल्याची तारीख शेजारी टाका.

याला एक अपवाद आहे आणि तो घरच्या माणसांवर चालणाऱ्या दुकानांना नेमका नडतो. सतरा वर्षांचा भाचा सुट्टीत टिलवर बसवला, तर हा आगाऊ दिलेला अधिकार त्याला पुरत नाही. 18 खालच्या मुलाने केलेली प्रत्येक दारूविक्री त्या त्या वेळी जबाबदार प्रौढाने मंजूर करावी लागते. म्हणजे भाच्यासाठी मात्र मोठं माणूस शेजारी हवंच.

वयाच्या 18 आणि 25 च्या गोंधळाला एवढंच पुरे: ज्याला दारू विकायची त्याचं वय किमान 18 हवं. 25 पेक्षा लहान दिसेल त्याला ओळखपत्र मागायचं, हे दुकानाने ठरवलेलं धोरण. ते तुमच्या लायसन्सवर अट म्हणून लिहिलेलं असेल, तर मग पाळावंच लागतं.

शिक्षा कुणाला, यावरही लोक हेच दोन कागद उलटेपालटे करतात. अल्पवयीन मुलाला दारू विकली तर गुन्हा आधी विकणाऱ्याचा. टिलवरच्या मुलीकडे पर्सनल लायसन्स नसलं तरी तिच्यावर खटला होऊ शकतो. तीन महिन्यांत दोनदा असं घडलं तर दुकानाच्या लायसन्सधारकावर वेगळा गुन्हा लागतो. दुकानाच्या लायसन्सचा फेरविचार झाला तर काउन्सिल अटी वाढवू शकते, डीपीएसला हटवू शकते, तीन महिन्यांपर्यंत लायसन्स स्थगित करू शकते किंवा रद्दही करू शकते. पर्सनल लायसन्सचं काय करायचं ते त्या माणसाच्या गुन्ह्यावरून स्वतंत्र ठरतं. एक कागद गेला म्हणून दुसरा आपोआप जात नाही, आणि एक शाबूत आहे म्हणून दुसरा वाचतही नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती उसन्या डीपीएसची. शंभर मैलांवर राहणाऱ्या ओळखीच्या माणसाचं नाव लायसन्सवर घालायचं आणि त्याने वर्षभर दुकानाचं तोंड पाहायचं नाही. डीपीएस म्हणजे दुकानाचा रोजचा कारभार ज्याच्या हाती तो. त्याचं नाव तिथे असतं ते याचसाठी, की पोलिसांना कुणाशी बोलायचं ते कळावं.

अशा उसन्या नावाचा फटका बसतो तो माणूस वेगळा झाल्यावर. डीपीएसने काम सोडलं, काउन्सिलला तसं कळवलं, आणि तुम्ही नवं नाव दिलं नाही, तर त्या क्षणापासून दुकानात दारू विकणं बेकायदा. भिंतीवरचा कागद तसाच लटकत असतो, टिलवर दोन पर्सनल लायसन्सवाले उभे असतात, तरीही. अशी विक्री केली तर अमर्याद दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डीपीएस बदलण्याचा अर्ज 23 पौंडांचा आहे, आणि बदल लगेच लागू व्हावा अशी विनंती त्याच अर्जात करता येते. माणसाने नोटीस दिली त्याच दिवशी तो भरा, आणि अधिकाराचा कागद नव्या डीपीएसच्या सहीने पुन्हा लिहून घ्या. जुन्यावर खाडाखोड नको.