पार्श्वभूमी : विमानाच्या सुट्या भागांचं काम आणि 'ऑफसेट'चा तिढा

सांगलीत 'ऑफसेट' म्हटलं की लग्नपत्रिकेचा छापखाना आठवतो. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत व्हीएमसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनसमोर, उभा असलेला ऑपरेटर त्याच शब्दाने टूलची लांबी भरतो. विमानाच्या सुट्या भागांच्या धंद्यात त्याचा तिसराच अर्थ आहे, आणि तो कळायला आपल्याकडे बरीच वर्षं गेली.

जुनं थोडक्यात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, पुढे सातारा रोडला फाउंड्री उभी राहिली. सोलापूरच्या एका उद्योजकाने १९४० च्या डिसेंबरात विमानांचा कारखाना काढला, पण बंगळुरात. आपल्याकडे नांगर, पंप, साखर कारखान्यांचे सुटे भाग आणि नंतर पुण्याच्या गाड्यांचं काम राहिलं. हात बसला तो तिथेच.

२००५ च्या संरक्षण खरेदी धोरणात ऑफसेट आला. सौदा ३०० कोटींच्या वर गेला, तर परदेशी विक्रेत्याने किमान ३० टक्के रकमेचं काम किंवा गुंतवणूक भारतीय उद्योगात करायची. २०१२ मध्ये लघुउद्योगाकडून घेतलेल्या एका रुपयाच्या मालाला दीड रुपया धरायची सवलत मिळाली. आमच्या भागात याचा अर्थ 'सरकार काम वाटणार' असा लावला गेला. प्रत्यक्षात बंधन विक्रेत्यावर होतं आणि भागीदार निवडायचा हक्कही त्याचाच. तो साहजिकच ज्याच्याकडे एएस ९१००, म्हणजे विमान उद्योगाचं गुणवत्तेचं सर्टिफिकेट, आधीपासून आहे त्याच्याकडे जायचा. इथल्या शेडवाल्याने सर्टिफिकेट काढायचं ठरवेपर्यंत ऑर्डर बंगळूर-हैदराबादला गेलेली असे. २०१६ मध्ये मर्यादा २,००० कोटींवर नेली, म्हणजे लहान सौदे यातून सुटलेच.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय लेखापरीक्षणाचा अहवाल संसदेत आला. २००५ ते मार्च २०१८ पर्यंत ६६,४२७ कोटींचे ४६ ऑफसेट करार. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचं काम व्हायला हवं होतं; विक्रेत्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि मंत्रालयाने मान्य केलं त्यातलं जेमतेम ४८ टक्के. अहवालाला आठवडाही झाला नव्हता, तोवर नवी खरेदी पद्धत जाहीर झाली. सरकार ते सरकार आणि एकाच विक्रेत्याशी होणारे सौदे ऑफसेटमधून वगळले. विक्रेता ऑफसेटचा खर्च किमतीतच चढवतो, हा त्यामागचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण दुखणं वसुलीचं होतं आणि काढून टाकली ती अटच, हे मला अजून पटलेलं नाही. सर्टिफिकेटसाठी कर्ज काढलेल्या लहान युनिटांचा विचार या चर्चेत कुठे दिसला नाही.

आता येणारं काम बहुतेक निव्वळ दरावर येतं, आणि ते सांभाळताना गाड्यांच्या कामाची सवय आड येते. तिथे लॉट हजारांचे. इथे दहा-वीस नगांचे, पण तोच भाग वीस-वीस वर्षं लागतो. धातूचा बार कुठल्या मिलचा, त्याचा हीट नंबर, म्हणजे ओतकामाच्या घाणीचा क्रमांक, काय, हे शेवटपर्यंत कागदावर चालत आलं पाहिजे. पहिल्या नगाची पूर्ण तपासणी, म्हणजे फर्स्ट आर्टिकल, मंजूर झाली की प्रक्रिया गोठते. मशीन दुसऱ्या शेडमध्ये हलवलं, तर बदलाचा परिणाम जिथवर पोचतो तिथवर तपासणी परत. दोन वर्षं उत्पादन थांबलं, तरी परत. वरून अनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं) आणि हीट ट्रीटमेंट (तापवून धातूचे गुण बदलणं) ग्राहकाने मंजूर केलेल्या ठिकाणीच करून घ्यावी लागते. अशी सोय जवळपास नसली, की जॉब चार दिवसांत बनतो आणि ट्रान्सपोर्टात व रांगेत चार आठवडे घालवतो. बँकेचं व्याज मात्र आठवड्यांनीच मोजलं जातं.